मुंग्यांची पारख

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरांत एक विधि नेमानें होतो. स्वयंपाकघरांतील जाळीच्या कपाटाच्या चारी पायांखालीं पाण्यानें भरलेल्या चार वाट्या सरकविल्या जातात, आणि घरांतील वडील बाई समाधानानें म्हणतात, "आतां येऊं द्या मुंग्यांना!" मुंग्या यावयाच्या त्या येतातच. दोन-चार दिवसांत वाटींतील पाण्यावर धूळ सांचते, तिचाच पूल होतो, आणि एके दिवशीं सकाळीं गुळाच्या ढेपेला काळी किनार लागलेली दिसते. मग प्रश्न निघतो तो इतकाच कीं, मुंग्या काळ्या आहेत कीं लाल? काळ्या असल्या तर "असूं द्या, लक्ष्मी आहे" म्हणून चिमूटभर पीठ कोपऱ्यांत टाकावयाचें. लाल असल्या तर हळदीचा डबा शोधावयाचा. मुंग्यांविषयींचें आमच्या घराण्याचें सर्व शास्त्र ह्या दोन रंगांत संपतें, आणि बहुतेक सुशिक्षित घरांतून तें तेवढेंच असावें असा आमचा समज आहे.

वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. भारतांत आजवर नोंदल्या गेलेल्या मुंग्यांच्या जाति व उपजाति मिळून ८२८ होतात, अशी गणना २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका सूचींत केलेली आहे. त्या शंभर कुलांत वांटल्या आहेत. साऱ्या पृथ्वीवरील नांव मिळालेल्या जाति तर चौदा हजारांच्या घरांत जातात. ह्या सर्वांची "काळी" आणि "लाल" अशी वांटणी करणें म्हणजे गांवांतील यच्चयावत् माणसांस "उंच" आणि "ठेंगू" अशीं दोनच नांवें ठेवून व्यवहार चालविण्यासारखें आहे. रंग हा मुंगीच्या ओळखीचा सर्वांत कच्चा पुरावा होय. पक्का पुरावा तिच्या शरीराच्या घडणींत आहे. आणि ती घडण वाचावयास मनुष्य कसा शिकला, त्या शिकण्यांत आपल्या पुण्याचा व मुंबईचा भाग किती, हें थोडक्यांत सांगावें असा ह्या लेखाचा हेतु आहे.

आपल्या पूर्वजांनीं मुंगीकडे पाहिलेंच नव्हतें असें मात्र नाहीं. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत विषारी कीटकांचा विचार चालला असतां मुंग्यांचे सहा प्रकार नांवानिशीं दिले आहेत: स्थूलशीर्षा, संवाहिका, ब्राह्मणिका, अंगुलिका, कपिलिका आणि चित्रवर्णा. ह्यांतील पहिलें नांव डोक्याच्या आकारावरून पडलें आणि शेवटचीं दोन रंगावरून पडलीं, हें उघड दिसतें. वैद्याला दंशाचा उपचार करावयाचा असल्यामुळें कोणी दंश केला हें त्याला जाणून घ्यावें लागे. त्या गरजेंतूनच ही वांटणी जन्मली. परंतु मूळ ग्रंथांत नांवें आहेत, दंशानें होणारी सूज व दाह आहे. त्या त्या मुंगीचीं शरीरलक्षणें नाहींत. त्यामुळें अंगुलिका म्हणजे आपल्या अंगणांतील नेमकी कोणती मुंगी, हें आज खात्रीनें सांगण्यास साधन उरलेलें नाहीं. नांव राहिलें, ओळख गेली. हा धडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें तो पुन्हा उपयोगीं पडणार आहे.

प्रथम, मुंगी म्हणावें कोणास? इंग्रजांनीं वाळवीला "पांढरी मुंगी" म्हणून मोठा घोटाळा केला. आपल्या भाषेनें तो केला नाहीं, ही अभिमानाची गोष्ट आहे. वाळवीचें नातें झुरळाशीं, मुंगीचें गांधीलमाशीशीं. मुंगीच्या शृंगिका, म्हणजे ज्यांस आपण मिशा म्हणतों त्या, कोपरांत दुमडलेल्या हाताप्रमाणें वांकलेल्या असतात. वाळवीच्या शृंगिका मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगीची कंबर अत्यंत बारीक असून तिच्या देठावर एक किंवा दोन गांठी असतात; वाळवीला कंबर म्हणून नाहींच. फसविणारे दुसरेहि प्राणी आहेत. कोंकणांत आंब्या-फणसाच्या झाडांवर पानें शिवून घरटीं करणाऱ्या तांबड्या ओंबिलांच्या रांगेशेजारीं कधीं कधीं अगदीं त्यांच्यासारखाच दिसणारा एक प्राणी फिरतांना आढळतो. त्याचे पाय मोजले तर आठ भरतात, शृंगिका एकहि नसते. पुढचे दोन पाय वर उचलून तो त्यांचें सोंग करीत असतो. तो कोळी होय. ह्यावरून इतकें ध्यानांत येईल कीं, एकंदर आकृतीवर भिस्त ठेवणारा फसतो, आणि अवयव मोजणारा तरतो.

आतां ही पारख केवळ संग्रहालयांतील पेट्यांवर चिठ्ठ्या डकविण्यापुरती आहे काय? तसें नाहीं, हें दाखविण्यास एक जुना वाद पुरेसा आहे. मुंगी धान्य सांठविते, ही गोष्ट शलमोन राजाच्या नीतिसूत्रांत आहे, इसापनीतींत आहे, आणि आपल्याकडील म्हातारीकोतारीं माणसेंहि ती डोळ्यांनीं पाहिलेली म्हणून सांगतात. परंतु १७४७ सालीं गूल्ड नांवाच्या इंग्रज पाद्रीनें आपल्या देशांतील मुंग्यांवर एक पुस्तक लिहिलें आणि तींत धान्याचें एकहि कोठार आपणांस सांपडलें नाहीं असें सांगितलें. त्याचें निरीक्षण खरें होतें. मुंग्या ज्या पांढऱ्या गोळ्या तोंडांत धरून धांवतात, ते गव्हाचे दाणे नसून त्यांचे कोश असतात, हें त्याच्या परंपरेंतील अभ्यासकांनीं दाखवून दिलें. तेव्हांपासून युरोपांतील विद्वानांत असें मत रूढ झालें कीं, प्राचीनांनीं कोशांस दाणे समजण्याची चूक केली आणि मुंगीचा दूरदर्शीपणा ही एक भाकडकथा होय.

ह्या मताला पहिला मोठा धक्का बसला तो पुण्यांत. विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी १८२४ पासून कांहीं वर्षें मुंबई सरकारच्या वतीनें दक्षिणेंतील मुलखाची आंकडेवार माहिती गोळा करीत होता. पक्षी, मासे, पिकें, पाऊस, लोकसंख्या, कशाचेंहि त्याला वावडें नसे. १८२९ सालीं पावसाळा सरतांना पुण्यांत त्याला एका वारुळाच्या तोंडाशीं गवताच्या बियांचे लहान लहान ढीग दिसले. पावसाचें पाणी आंत शिरून भिजलेलें बीं मुंग्या बाहेर आणून उन्हांत वाळत घालीत होत्या! वाळवण घालणें ही कला केवळ आपल्या गृहिणींचीच नव्हे, हें त्या दिवशीं पुण्याच्या मुंगीनें सिद्ध केलें. साइक्सनें त्या जातीला "अट्टा प्रोव्हिडेन्स", म्हणजे दूरदर्शी, असें नांव दिलें आणि १८३५ सालीं लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकांत तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. आज तिची गणना फायडोल नांवाच्या कुलांत होते.

त्याच निबंधांत दुसऱ्या एका मुंगीची हकीकत आहे, आणि ती वाचतांना आम्हांस आमच्या जाळीच्या कपाटाची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. साइक्सच्या पुण्यांतील घरीं फळें व मिठाई ठेवण्याचें एक लहान टेबल असे. त्याचे चारी पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले असत आणि तें भिंतीपासून इंचभर दूर असे. मोठ्या काळ्या मुंग्या तें पाणी पोहून गेल्या. मग पायांस टर्पेंटाइन फांसलें. कांहीं दिवस मिठाई सुरक्षित राहिली आणि पुन्हा मुंग्यांनीं भरली. त्या येतात कोठून, हें कळेना. शेवटीं साइक्सनें पाहिलें कीं, एक मुंगी भिंतीवरून टेबलाच्या फूटभर वर चढली आणि तेथून तिनें खालीं आंग टाकलें, तें नेमकें टेबलावरील कापडावर. तिच्या मागोमाग दुसरी, मग तिसरी. ह्या मुंगीला त्यानें "फॉर्मिका इन्डिफेसा", म्हणजे न थकणारी, असें नांव ठेवलें. आमच्या घरांतील वाट्यांचा उपाय निदान दोनशें वर्षें जुना आहे, आणि तो हरल्यासहि तितकींच वर्षें झालीं आहेत, एवढा इतिहास आम्हांस ह्या निबंधानें शिकविला.

धान्याच्या वादाचा निकाल मात्र एकट्या साइक्सच्या साक्षीनें लागला नाहीं. मॉग्रिज नांवाच्या तरुण इंग्रजानें फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मांतों येथें मुंग्यांचीं कोठारें खणून काढलीं आणि १८७३ सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां युरोपानें प्राचीनांची क्षमा मागितली. आतां विचार करावा कीं, चूक कोणाची होती? गूल्डनें पाहिलें तें खरें, साइक्सनें पाहिलें तेंहि खरें. थंड देशांतील मुंगीची जात निराळी आणि उष्ण देशांतील निराळी. दोघींस एकच "मुंगी" हा शब्द लावल्यामुळें खऱ्याखऱ्यांत भांडण लागलें. जी जात पाहिली तिचीं लक्षणें आधीं नोंदलीं असतीं, तर शतकाहून अधिक काळ चाललेला हा वाद उद्भवलाच नसता. "मुंगी अमुक करते" हें वाक्य "कोणती मुंगी?" ह्या प्रश्नाचें उत्तर दिल्याशिवाय पुरें होत नाहीं.

ही लक्षणें वाचावयाची रीत कशी सुरू झाली? आधुनिक नामकरणाचा आरंभ लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात. त्यांत त्यानें मुंग्यांच्या सतरा जाति दिल्या आणि सर्व एकाच "फॉर्मिका" कुलांत घातल्या. त्या कुलाचे रीतसर भाग पाडण्याचें मोठें श्रेय लात्रेय ह्या फ्रेंच गृहस्थास आहे. हा मूळचा धर्मोपदेशक. फ्रेंच राज्यक्रांतींत नव्या राजवटीची शपथ न घेतल्यामुळें १७९३-९४ च्या धामधुमींत त्याला बोर्दोच्या तुरुंगांत टाकलें. कैद्यांस तपासावयास आलेल्या वैद्याला तो जमिनीवरील एका लहानशा भुंगेऱ्याकडे टक लावून पाहत असलेला दिसला. विचारतां लात्रेय म्हणाला कीं, हा फार दुर्मिळ कीटक आहे. वैद्यानें तो भुंगेरा आपल्या ओळखीच्या बोरी द सें-व्हेंसां ह्या पोरवयांतील निसर्गप्रेमीकडे नेऊन दिला. त्या मुलानें लात्रेयचें नांव ओळखलें, खटपट झाली, आणि लात्रेय सुटला. त्याच्या बरोबरचे कैदी महिन्याभरांत मृत्युमुखीं पडले. "नेक्रोबिया रूफिकॉलिस" हें त्या भुंगेऱ्याचें नांव. कीटकाची बिनचूक ओळख पटल्यामुळें मनुष्याचे प्राण वांचल्याचें असें दुसरें उदाहरण आमच्या ऐकिवांत नाहीं.

ह्या वांचलेल्या प्राणांचें लात्रेयनें सोनें केलें. १७९८ सालीं फ्रान्सच्या मुंग्यांवर आणि १८०२ सालीं एकंदर मुंग्यांवर त्यानें ग्रंथ लिहिले. रंग व आकारमान मागें सारून कमरेच्या देठावर खवल्यासारखी एकच गांठ आहे कीं दोन गांठी आहेत, शृंगिका डोक्यावर कोठें बसविल्या आहेत, जबड्यांची ठेवण कशी आहे, अशा प्रश्नांस त्यानें महत्त्व दिलें. पुढील दोन शतकांत ह्या प्रश्नांत भर पडत गेली. शृंगिकेचे सांधे किती? कामकरी मुंगीला ते बहुधा बारा असतात, पण कांहींस दहा, कांहींस त्याहूनहि कमी. शेवटले दोन-तीन सांधे फुगून गदेसारखे झाले आहेत काय? वक्षाच्या पाठीवर कांटे आहेत काय? उदराच्या टोकाशीं नांगी आहे कीं केसांनीं वेढलेलें बारीक छिद्र आहे? ज्या मुंग्यांस असें छिद्र असतें त्यांस नांगी नसते. त्या चावा घेऊन त्यावर आम्ल फवारतात, आणि त्या आम्लाला "फॉर्मिक" हें नांवहि मुंगीवरूनच मिळालें आहे. ह्या एकेका प्रश्नाला उत्तर देत गेलें कीं, हजारों जातींचा पसारा निवडत निवडत शेवटीं एका जातीवर येऊन थांबतो. तांदूळ निवडणाऱ्या हाताला ही रीत नवी वाटूं नये.

परंतु रीत सांपडली म्हणून चुका थांबल्या नाहींत. साइक्सच्या "न थकणाऱ्या" मुंगीचीच गोष्ट घ्या. ती नवी जात नव्हती. फाब्रिसियसनें १७८७ सालींच तिला "कॉम्प्रेसा" हें नांव देऊन ठेवलें होतें. ज्याचें नांव आधीचें त्याचा मान, ह्या नियमानें पुण्याचें सुंदर नांव मागें पडलें, आणि आपला नेहमींचा काळा मुंगळा आज "कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस" म्हणून जगास ठाऊक आहे. दुसरी चूक प्रत्यक्ष लिनियसची. १७६४ सालीं आफ्रिकेंतील एका मोठ्या पंखवाल्या कीटकाचें त्यानें गांधीलमाशी म्हणून वर्णन केलें. तो निघाला जमिनीखालून फौजेनें फिरणाऱ्या डोरिलस नांवाच्या आंधळ्या मुंगीचा नर! कामकरी मुंगी इवलीशी व पंखहीन, नर बोटाच्या पेराहून लांब. ह्या दोघांचें नातें जुळण्यास पुढें शंभराहून अधिक वर्षें लागलीं. हिंदुस्थानांतहि ह्या कुलाच्या जाति आहेत आणि त्यांचे नर रात्रीं दिव्यावर येऊन आपटतात. ते पाहून "ही मुंगी" असें कोणी म्हणणार नाहीं.

थोरांच्या चुकांपुढें आमची चूक सांगण्यास लाज वाटत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं हातीं भिंग आलें तेव्हां आम्हीं एक वही केली आणि अंगणांतील मुंग्यांचीं वर्णनें मोठ्या उत्साहानें टिपूं लागलों. "क्रमांक तीन: बारीक, तपकिरी, चपळ, क्रमांक चार: तशीच, पण डोकें शरीराच्या मानानें विलक्षण मोठें." आठवडाभरानें क्रमांक तीन आणि क्रमांक चार एकाच बिळांतून हातांत हात घालून बाहेर पडतांना दिसल्या. त्या दोन जाति नव्हत्या, एकाच आईच्या लेकी होत्या. एकीचें काम दाणा वेंचण्याचें, दुसरीचें तो फोडण्याचें. ती फायडोल कुलांतील मुंगी होती. सुश्रुताची स्थूलशीर्षा हीच असेल काय, असा विचार त्या दिवशीं मनांत आला. पण वर सांगितल्याप्रमाणें त्याचें उत्तर देण्यास साधन नाहीं.

हिंदुस्थानच्या मुंग्यांची पहिली मोठी यादी केली जर्डन ह्यानें. मद्रासच्या सैन्यांतील हा शल्यवैद्य पुढें पक्ष्यांवरील ग्रंथामुळें प्रसिद्धीस आला. पण त्यापूर्वीं, १८५१ सालीं, दक्षिण हिंदुस्थानांतील मुंग्यांची सूची त्यानें मद्रासच्या एका नियतकालिकांत छापली. डोळे टपोरे, जबडे लांब व वर वळलेले, आणि भक्ष्यावर उडी घालणारी अशी एक मुंगी त्यानें तींत वर्णिली व तिच्यासाठीं "हार्पेग्नाथॉस" हें नवें कुल स्थापिलें. जर्डनचे मूळ नमुने पुढील अभ्यासकांच्या हातीं लागले नाहींत. मागें राहिले ते केवळ त्याचे शब्द. जेथें शब्द नेमके होते, तेथें मुंगी आजहि ओळखूं येते. उडी मारणाऱ्या ह्या मुंगीविषयीं कोणालाहि शंका पडली नाहीं. परंतु जेथें वर्णन मोघम राहिलें, तेथें त्यानें दिलेलीं कांहीं नांवें आज कोणत्याच मुंगीस निश्चयानें लावतां येत नाहींत. सुश्रुताचा धडा हा असा दोन हजार वर्षांच्या अंतरानें पुन्हा समोर आला.

त्यापुढील अध्याय मुंबईचा आहे. येथें १८८३ सालीं निसर्गेतिहास संस्था स्थापन झाली. मुंबई इलाख्याच्या वनखात्यांतील रॉटन हा अधिकारी तिचा सभासद. जंगलांतून फिरतांना त्यानें मुंग्या गोळा केल्या, त्यांवर १८९२ सालीं संस्थेच्या नियतकालिकांत "आपल्या मुंग्या" अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला, आणि नमुने झ्यूरिकच्या ऑगस्ट फोरेलकडे धाडले. फोरेल हा वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख. मेंदूच्या रचनेवरील त्याचें संशोधन नामांकित आहे. पण लहानपणापासून जीव जडला तो मुंग्यांवर. हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील मुंग्यांवरील त्याची फ्रेंच लेखमाला मुंबईच्या ह्याच नियतकालिकांत १८९२ पासून पुढें कांहीं वर्षें येत राहिली. रॉटन ह्याचें नांव दिलेल्या एका मुंगीसाठीं फोरेलनें १८९० सालीं "एमेरिया" असें नवें कुलहि निर्माण केलें होतें. दोनच वर्षांत त्याच्या लक्षांत आलें कीं, आधींच ठाऊक असलेल्या कार्डिओकॉन्डिला कुलाचे नर पंखहीन व कामकऱ्यांसारखे दिसणारे असतात आणि त्यांनींच आपणांस चकविलें. मुंगीचा नर सपक्षच असावयाचा, हा समज त्याला सोडावा लागला. त्यानें आपलें नवें कुल आपल्याच हातानें मोडलें. जगन्मान्य पंडितानें आपली चूक छापून कबूल करावी, ही गोष्ट त्यानें स्थापिलेल्या दहा कुलांहून आम्हांस मोलाची वाटते.

ह्या सर्व साहित्याचा सारांश बिंगहॅमनें १९०३ सालीं एका ग्रंथांत आणला. तोहि मूळचा लष्करांतील, पुढें ब्रह्मदेशाच्या वनखात्यांत गेलेला. त्या ग्रंथांत प्रत्येक कुलाच्या आरंभीं एक "किल्ली" दिलेली आहे: गांठ एक कीं दोन, कांटे आहेत कीं नाहींत, असें विचारीत विचारीत ती वाचकाला जातीच्या दारापर्यंत नेऊन पोंचविते. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, नांवें पुष्कळ बदललीं. तरी ह्या देशांत मुंग्यांचा अभ्यास करणाऱ्यास त्या पुस्तकावांचून पुढें जातां येत नाहीं.

आतां पेशींतील वंशद्रव्य वाचून जाति ठरवितां येतात. मग भिंग आणि गांठी ह्यांचें काम संपलें काय? आम्हांस तसें दिसत नाहीं. वंशद्रव्य वाचावयासाठीं कोणती मुंगी उचलावयाची, हें डोळ्यांनींच ठरवावें लागतें. जर्डनच्या उडी मारणाऱ्या मुंगीचें संपूर्ण वंशद्रव्य २०१० सालीं वाचून प्रसिद्ध झालें. राणी मेली म्हणजे ह्या मुंगीच्या कामकरी बहिणी शृंगिकांनीं एकमेकींशीं झुंजतात आणि जिंकणाऱ्या अंडीं घालूं लागतात. एकाच शरीराची ही दोन आयुष्यें कशीं होतात, हें समजून घेण्यासाठीं जगांतील मोठमोठ्या प्रयोगशाळांत आज ती पाळली जाते. व्यवहारांतहि पारख लागतेच. आपण जिला सरसकट "लाल मुंगी" म्हणतों, तींत सोलेनॉप्सिस जेमिनाटा ही आग पेटल्यासारखी डसणारी मुंगी असते. हिचें मूळ घर अमेरिका. कमरेला दोन गांठी, शृंगिकेचे सांधे दहा आणि शेवटच्या दोहोंची गदा, ही तिची खूण. तशीच एक अगदीं बारीक, पिवळसर मुंगी आहे. लिनियसनें तिला इजिप्तच्या फारोचें नांव दिलें. हिलाहि गांठी दोनच, पण शृंगिकेच्या गदेचे सांधे तीन. ही मुंगी इस्पितळांतून रोगजंतु वाहून नेते, आणि हिच्यावर विषारी फवारा मारला तर वसाहत मरण्याऐवजीं फुटून एकीच्या चार होतात. म्हणजे कोणती मुंगी हें न पाहतां केलेला उपाय अपाय ठरतो. दोन सांध्यांची गदा कीं तीन, हा प्रश्न पंडितांच्या चैनीचा नव्हे.

ह्या इतिहासाकडे पाहतांना एक गोष्ट मनास लागते. पुण्याची मुंगी पुण्यांत ओळखली गेली, परंतु ती ओळखणारा पुणेकर नव्हता. त्या टेबलाभोंवतीं वावरणारीं, वारुळें रोज ओलांडणारीं, मुंग्यांस पीठ घालणारीं माणसें आपली होतीं. त्यांस पुष्कळ कांहीं ठाऊकहि असेल. ओंबील, मुंगळा, डोंगळा ह्या वेगवेगळ्या मुलखांतील शब्दांमागें कोणाचें तरी बारीक निरीक्षण आहे. तें कोणी लिहून ठेविलें नाहीं. आम्हीं मुंगीला लक्ष्मी म्हटलें, संतांनीं तिला अभंगांत बसविलें, पण तिच्या कमरेच्या गांठी मोजण्यास आम्ही खालीं वांकलों नाहीं. भूतदया आणि जिज्ञासा ह्यांत वैर नाहीं. उलट ज्याला आपण खाऊं घालतों त्याचें नांव ठाऊक असणें हा दयेचाच एक भाग आहे.

म्हणून वाचकांस आमची विनंति अशी आहे कीं, घरांत एक साधें भिंग ठेवावें. यंदा वाटींतील पाण्यावरून मुंग्या चालून आल्या म्हणजे हळद शोधण्यापूर्वीं मुलांस जवळ बोलवावें आणि विचारावें: गांठी किती? शृंगिकेचें टोंक कसें आहे? सर्वांचीं डोकीं सारखीं आहेत काय? उत्तरें एका वहींत तारीख घालून लिहावींत, आणि तीं अशीं लिहावींत कीं, ती मुंगी कधींहि न पाहिलेल्या मनुष्यास त्या शब्दांवरून ती ओळखतां यावी. नांव मागाहून सांपडेल. आमच्या वहींत क्रमांक तीन व चार ह्यांच्यामध्यें आतां एक कंस घातला आहे आणि त्यापुढें "एकच" असें लिहिलें आहे. त्या वहींतील खात्रीची अशी नोंद अजून ती एकच आहे.